कान्हू पाटलांची उधाणातली फायनल

हैबतराव : नाय म्हणजे नाय. उद्याच्या शोकसभेत मी बोलणार नाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि कान्हू पाटलाबद्दल चांगलं बोलायची मला सवय नाय.

मैना : चांगलं बोलायला प्राचार्य आहेत, हैबतकाका. कालच त्यांनी मला फोनवर भाषण वाचून दाखवलं. ‘शिस्तप्रिय, मितभाषी, निष्कलंक.’

गिरजाबाई : मितभाषी? कान्हूभावजी? अगो, सभा तुझ्या बापाचीच हाय ना?

मैना : तेच म्हणते मी, काकू. प्राचार्य नवे आहेत. त्यांनी बाबांना फोटोतच पाहिलंय. बाकीचे वक्तेही तसलेच. बाबांना ओळखणारा एकही माणूस बोलणार नसेल, तर मी तिथे बसून कुणाची सभा ऐकू? म्हणून पेणहून मुद्दाम आले.

हैबतराव : मी ओळख सांगितली, तर फोटोवरचा हार उतरवतील लोक.

मैना : सांगा तरी.

हैबतराव : तो पेणच्या कॉलेजात क्रीडा संचालक, मी इथं रोह्याला. उभा जन्म समोरासमोर गेला. त्याच्याकडे खेळाडू कोण? मिठागरावरची पोरं. बांधावरून उचलून कॉलेजात भरलेली. तीच कबड्डीला, तीच खो-खोला, तीच हॉकीला. हॉकीच्या काठ्या त्यांनी पहिल्यांदा बघितल्या त्या थेट सामन्याच्या दिवशी!

मैना : आणि तीच बुद्धिबळाला.

हैबतराव : त्याचं तर नावच काढू नको. त्यातल्याच एका जनूला बसवला पटावर. शिकवण काय दिली? ‘समोरचा कुठली सोंगटी कशी हलवतो ते बघ, तशीच हलव, आणि घाई करू नकोस.’ माझ्या कॉलेजचा पोरगा हुशार, पण भुकेला कच्चा. जनू हलेचना. जेवणाची वेळ टळली, पोरगा कंटाळून उठला, आणि डाव जनूला!

गिरजाबाई : तो जनू पोलिसात लागला ना गो?

मैना : फौजदार होऊन निवृत्त झाले. खेळाडूंच्या कोट्यातून घेतलं होतं त्यांना. हॉकीच्या प्रमाणपत्रावर.

हैबतराव : घ्या! आणि म्हणे निष्कलंक!

गिरजाबाई : अवो, इकडचं तिकडचं काय सांगताय? खरं दुखणं सांगा. फायनलचं.

हैबतराव : सांगतो की. घाबरतो काय? त्र्याऐंशी साल. कबड्डीची फायनल, पेणला. मैदान खाडीच्या बांधाला लागून. तारीख ठरवायचा मान यजमानाचा. यानं धरली अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची. आता आम्ही पडलो भातवाले. आम्हाला आभाळ कळतं, अमावास्येचं उधाण कुठलं कळतंय? पहिल्या डावात आम्ही पुढं. मग खाडी भरली, पाणी बांधाखालून पाझरलं, आणि मैदानाचं झालं लोणी. माझी पोरं चढाईला जायची ती बसूनच परत यायची. त्याची पोरं तर चिखलातच चालायला शिकलेली. नाचली नुसती.

मैना : तुम्ही विद्यापीठाकडे तक्रार केलीत ना?

हैबतराव : केली तर! चौकशीला हा उभा राहून म्हणतो कसा, ‘साहेब, मैदान होतं तिथंच होतं. चंद्र काही आमच्या कॉलेजच्या नोकरीत नाही.’ चौकशीवाले पोट धरून हसले. संपली तक्रार.

गिरजाबाई : आणि पुढच्या साली रोह्याला फायनल झाली, ती?

हैबतराव : तिचा इथं काय संबंध?

गिरजाबाई : मैना, ह्यांनी काय केलं ऐक. गावाबाहेर मुरमाचा माळ बघितला. वर चार पाट्या माती पसरली, दिसायला मैदान. आणि सामना ठेवला भर दुपारी. चिखलातली पोरं ती, तापल्या मुरमावर त्यांची ढोपरं सोलून निघाली. पार हरली.

मैना : बाबांनी तक्रार नाही केली?

गिरजाबाई : भावजी? ते सगळी पोरं घेऊन संध्याकाळी ह्याच पडवीत आले. मी परातीत हळद कालवून दिली, पोरांच्या ढोपरांना लावली. मग वालाचं बिरडं केलं. जेवता जेवता भावजी म्हणतात, ‘वहिनी, बिरडं झकास. पण ह्याला जरा फसवायला शिकवा. लगेच कळतं.’

मैना : घरी येऊन आईला म्हणाले होते, ‘हैबत शिकतोय.’

हैबतराव : शिकतोय म्हणाला?

मैना : ‘हळूहळू’ म्हणाले.

(हैबतराव हसू लागतात, मग चष्मा काढून बराच वेळ धोतराने पुसत राहतात.)

गिरजाबाई : काच फुटंल आता. ठेवा तो.

हैबतराव : हे असं हाय बघ, पोरी. मी एक बोललो की त्याचं दुसरं तयार. भर सभेत, भर मैदानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उद्या मी माईकपुढं उभा राहून म्हणणार, कान्हू लबाड होता. आणि समोर सगळे गप्प. माना खाली. ते माझ्यानं नाय व्हायचं.

मैना : आणि कुणी गप्प बसलं नाही तर?

हैबतराव : कोण बोलणार? तू? तुझं लहानपणापासून तोंड पुस्तकात. घरी आलीस तरी ‘हो’ नि ‘नाही’.

मैना : बोलून बघा.

हैबतराव : शोकसभेत मधेच उठशील?

मैना : बोला तर खरं.

हैबतराव : बरं. ‘मित्रहो, कान्हू पाटील हा रायगड जिल्ह्यातला सगळ्यात लबाड क्रीडा संचालक होता.’

मैना : सगळ्यात नाही. दुसरा. पहिल्या नंबरावर रोह्याने दावा सांगितलाय.

गिरजाबाई : अगो बाय माझी! अगदी बापाचा आवाज.

हैबतराव : गिरजे, माझा पांढरा सदरा काढून ठेव. सकाळच्या गाडीनं पेणला जायचंय.

गिरजाबाई : ठेवलाय कवाच.

हैबतराव : आणि मैना, तू पुढच्या रांगेत बस. समोरून उत्तर आलं नाय, तर मला पुढचं वाक्य सुचत नाय.