व्याह्यांचं मॅग्नेशियम

अहो, परवा माझी चांगलीच फजिती झाली. पोटऱ्यांत गोळे येतात, चालायची भीती वाटते, म्हणून शिरोळला व्याह्यांकडे, म्हणजे आण्णांकडे, मी बिनसाखरेचा चहा मागितला. आण्णा पडले ऊसवाले. कपबशी त्यांच्या हातातच राहिली.

"पावणं, साखरंनं काय वाकडं केलंय तुमचं?"

"साखर, मैदा फार झाला की अंगातलं मॅग्नेशियम लघवीवाटे जातं आणि पोटऱ्यांत गोळे येतात म्हणे. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं मी, पण खात्री नाही."

"व्हय की! आमच्या उसाचं पान पिवळं पडलं की आम्ही बी मॅग्नेशियमच घालतो. पोतं हाय गोठ्यात."

धास्तावून मी विचारलं, "प्रमाण किती?"

आण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "एकरी दहा किलो. तुमचं क्षेत्र किती?"