थोडक्यात

(कोर्टाच्या तळमजल्यावरची दुभाषी कक्षाची खोली. शुक्रवारची दुपार. अर्धं सामान खोक्यांत भरलेलं.)

दुभाषी : या इंग्रजीविरोधाच्या कागदावर चौतीस सह्या झाल्या, बाई. तुमची पस्तिसावी. घ्या, पेनही माझंच घ्या.

टायपिस्ट : ठेवा तिथे.

दुभाषी : सकाळपासून ‘ठेवा तिथे’च चाललंय. कागदावर चहाचा डाग पडला तरी तुमचं ठेवा तिथेच. वाचलात तरी का?

टायपिस्ट : मीच टाइप केलाय.

दुभाषी : मग घोडं अडलंय कुठे? रविवारी मतदान. लोकांनी ‘हो’ म्हटलं की पुढच्या महिन्यापासून साक्ष इंग्रजीत, कागद इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. आणि वरच्यांची घाई बघा, एक मत पडलं नाही तोवर आपली खोली रिकामी करायला घेतली.

टायपिस्ट : येऊ दे इंग्रजी.

दुभाषी : काय?

टायपिस्ट : येऊ दे म्हटलं. सगळ्यांना सारखीच परकी. आत्ता काय आहे? कोर्टाची भाषा काहींच्या घरातली आणि बाकीच्यांच्या डोक्यावर बसलेली.

दुभाषी : सारखीच परकी म्हणे! ज्यांची पोरं मोठ्या शाळांत गेली, त्यांच्या घरात ती कधीच पाय पसरून बसलीय. उद्या खाणीकडची एखादी म्हातारी त्या पिंजऱ्यात साक्षीला उभी राहील, तिला काय येणार आहे? तिच्या वतीने कोण बोलणार?

टायपिस्ट : आजवर कोण बोललं?

दुभाषी : मी बोललो! सव्वीस वर्षं. चार भाषा या तोंडातून गेल्या.

टायपिस्ट : थोडक्यात.

दुभाषी : आलं का ते नाव! अहो, मला ‘थोडक्यात साहेब’ शिपायांनी केलं, मी नाही. न्यायाधीश दोन बोटं वर करायचे, म्हणजे दोन ओळींत आटपा. दिवसाला चौदा साक्षी. सगळं सांगत बसलो असतो तर पहिला खटला अजून चालू असता.

हमाल : साहेब, हे कपाट न्यायचं ना? जड आहे, आत माणूस आहे की काय?

दुभाषी : साक्षींच्या टेपा आहेत. कुठे नेताय?

हमाल : आम्हाला ‘भंगार’ म्हणून चिठ्ठी दिलीय. दोन टेबलं, एक पंखा, टेपांचं कपाट. पंखा मला हवा होता, पण तो फिरतच नाही.

टायपिस्ट : कपाट शेवटी न्या. आधी खुर्च्या.

हमाल : तुम्ही बसलेली पण?

टायपिस्ट : ती सोडून.

दुभाषी : बरं, सहीचं बोला. सतरा वर्षं समोरासमोर बसलोय. तुमच्या कपातला अर्धा चहा मी प्यायलोय. माझ्यासाठी म्हणून तरी करा.

टायपिस्ट : मागच्या आठवड्यात तुरुंगातून एक अर्ज आलाय. अकरा पानी. इंग्रजीत. माझ्या ट्रेमध्ये होता.

दुभाषी : कुणाचा?

टायपिस्ट : गोदामाला आग लागली होती. आत एक माणूस गेला. खाणीवरच्या एका पोराला जन्मठेप झाली. आठवतं?

दुभाषी : आगी काय कमी लागल्या, बाई!

टायपिस्ट : त्याची आई साक्षीला आली होती. बाकावर वाट बघत बसलेली. तुमच्या कोटाचं बटण लोंबत होतं. तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि तुम्ही उभे असतानाच ते लावून दिलं.

दुभाषी : हो, ती! आठवली. दाताने दोरा तोडला होता. ते बटण अजून आहे, हे काय. बाकीची सगळी गेली.

टायपिस्ट : ती काय बोलली ते आठवतं?

दुभाषी : नाही.

टायपिस्ट : तुम्ही सांगितलंत, “मला माहीत नाही, मी झोपले होते.” मी तेवढंच टाइप केलं.

दुभाषी : मग तसंच बोलली असेल.

टायपिस्ट : ती सात मिनिटं बोलली.

दुभाषी : म्हाताऱ्या माणसांचं पाल्हाळ असतं. तुम्हाला काय कळणार त्यातलं, ती खाणीकडची भाषा.

टायपिस्ट : माझी आहे ती.

दुभाषी : काय तुमची?

टायपिस्ट : भाषा. माझी आई त्याच भाषेत बोलायची. नोकरीच्या फॉर्मवर मी कोर्टाची भाषा लिहिली. खाणीकडच्यांना टायपिस्ट म्हणून घेत नव्हते तेव्हा.

दुभाषी : सतरा वर्षं? आणि मी तुमच्यादेखत त्यांच्या नकला करायचो...

टायपिस्ट : मी हसायचे.

दुभाषी : बाई, मला... बरं. काय बोलली ती?

टायपिस्ट : न्यायाधीशांनी विचारलं, आग लागली तेव्हा मुलगा कुठे होता? तिची सुरुवातच ‘मी झोपले होते’ अशी होती. तुम्ही तेवढं धरलंत. त्यांनी दोन बोटं वर केली होती, जेवणाची वेळ झाली होती. पुढचं तुम्ही मान हलवत ऐकलंत, पण सांगितलं नाहीत.

दुभाषी : पुढे काय होतं?

टायपिस्ट : जाग आली तेव्हा तो घरीच होता, हे होतं.

दुभाषी : त्याचा वकील काय करत होता?

टायपिस्ट : त्यालाही ती भाषा येत नव्हती. तोही तुमच्याच तोंडाकडे बघत होता.

दुभाषी : आणि तुम्ही? तुम्हाला तर येत होती!

टायपिस्ट : मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. टायपिस्टने दुभाषी बोलेल तेच टाइप करायचं, हे तुम्हीच शिकवलंत पहिल्या दिवशी. नियम होता. आणि भीती. बोलले असते तर विचारलं असतं, तुला कसं कळलं?

दुभाषी : सतरा वर्षं गप्प राहिलात.

टायपिस्ट : पहिलं वर्ष झोप नव्हती. मग लागायला लागली. आता काही होत नाही. अर्ज वाचला तेव्हाही काही झालं नाही. उठले, चहा केला, तुम्हाला दिला.

दुभाषी : इंग्रजीत कुणी लिहून दिला त्याला?

टायपिस्ट : स्वतः लिहिलाय. तुरुंगात शिकला. म्हणतो, मध्ये कुणी नको होतं म्हणून शिकलो. मग निकालाची इंग्रजी प्रत मागवली, आणि आईच्या नावापुढे एकच ओळ दिसली. टेप ऐका, एवढंच मागतोय.

दुभाषी : टेप त्या कपाटात?

टायपिस्ट : नाही, माझ्या खणात आहे. अर्ज आला त्या दिवशी काढून ठेवली.

हमाल : खुर्च्या झाल्या. आता कपाट?

दुभाषी : थांबा हो जरा!

हमाल : थांबतो. ओरडता कशाला, गाडी काय माझ्या बापाची आहे?

दुभाषी : हे आज बाहेर पडलं, तर उद्याच्या पेपरात काय येईल कळतंय ना? ‘दुभाष्यांच्या भरवशावर न्याय.’ रविवारी इंग्रजीवर शिक्का. ज्या म्हाताऱ्यांसाठी मी सह्या गोळा करतोय, त्यांच्या मानेवर माझ्याच हाताने सुरी. आणि माझ्या सव्वीस वर्षांच्या सगळ्या साक्षी पुन्हा उघडतील.

टायपिस्ट : उघडतील.

दुभाषी : सोमवारी देऊ. मतदान होऊ दे.

टायपिस्ट : गाडी आज आहे. अर्जाला उत्तर आज जायचंय. ‘टेप उपलब्ध नाही’ असा छापील कागद आलाय वरून. सही तुमची लागते, कक्षप्रमुख म्हणून.

दुभाषी : म्हणजे तुमच्याकडेही माझ्या सहीचा कागद आहे.

टायपिस्ट : सकाळपासून आहे. मी म्हटलं नाही, एवढंच.

दुभाषी : आई आहे का त्याची?

टायपिस्ट : चार वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी साक्ष झाल्यावर तिने तुमचे हात धरले होते. म्हणाली, बाबा, तू माझं सगळं त्यांना सांगितलंस, आता सुटेल तो.

दुभाषी : मी काय म्हणालो?

टायपिस्ट : ‘हो’ म्हणालात. तिच्या भाषेत. चांगली बोलायचात तुम्ही.

दुभाषी : ...अर्जात शेवटी काय लिहिलंय त्याने?

टायपिस्ट : ‘कृपया थोडक्यात करू नये.’

हमाल : साहेब, संध्याकाळ करता काय?

दुभाषी : कपाट राहू दे इथेच. चिठ्ठीवर लिहून देतो, माझ्या जबाबदारीवर. आणि तो छापील कागद द्या इकडे, बाई.

टायपिस्ट : सही करताय?

दुभाषी : मागची बाजू कोरी आहे, लिहायला होईल. तुमचं मशीन खोक्यात गेलंय ना?

टायपिस्ट : सकाळीच.

दुभाषी : मग लावा टेप. तुम्ही ऐका आणि सांगा, मी हाताने लिहितो.

टायपिस्ट : तुम्हाला येते की ती भाषा.

दुभाषी : माझ्यावर भरवसा नाही माझा. सांगा तुम्ही. आणि खाली दुभाषी म्हणून नाव तुमचं घालू, खरी भाषा लिहून. चालेल?

टायपिस्ट : माहीत नाही. घाला.

दुभाषी : हं. बोला.

टायपिस्ट : ‘मी झोपले होते.’

दुभाषी : पुढे.