मास्तरांनी घेतलेली परीक्षा

बहिणीच्या स्थळांचं काय विचारता, आमच्या गारखेड्याच्या घरी लई थोर माणसं येतात. परवा खुलताबादहून मुलगा आला, सोबत वडील. वडील म्हणजे रिटायर मराठी मास्तर. माझी बहीण शेंद्र्याच्या कंपनीत चाळीस माणसं सांभाळते. मास्तरांनी तिला आधी चालून दाखवायला लावलं, मग पाढे विचारले. मुलगा मन लावून पोहे खात होता.

मास्तर म्हणाले, "‘नांदी’, म्हणजे पुढं होणाऱ्या गोष्टीची चाहूल. उभी राहा आणि वाक्यात वापर."

बहीण उभी राहिली. "पाहुण्यांनी मुलीची परीक्षा घेणं, ही आमच्याकडून नकाराची नांदी असते."

आईनं डोळेच मिटले. मास्तरांची जुनी सवय मात्र सुटलेली नव्हती.

"बरोबर," ते म्हणाले. "बस खाली."