झारा गेला जर्मनीले

नाई, बुंदी नाई. तुमाले सांगतो, बसा खाली, उभं राह्यल्यानं काई ती लवकर पडनार नाई. तेल तापलं, बेसन कालवलं, पाक तयार झाला, सकाळपासून आपन सगळे नवे कपडे घालून या विहाराच्या म्होरं बसलो, जयंतीचा दिवस, अन् बुंदी नाई. काहून? तर झारा नाई. अन् झारा कुठी हाये, तर झारा जर्मनीले हाये. हसू नका बे. सत्तरी पार केली म्या या मेडशीत, लय काई हरवलं माह्यं, चपला हरवल्या, चष्मे हरवले, एकदा तर बैल हरवला, तो मानोऱ्याले सापडला. पन घरचा झारा इमानात बसून जर्मनीले गेला, अन् मले कालपावतर पत्ता नाई. जातानी मले कोनी इचारलं नाई.

आता सतीश तिकडे कपाळाले हात लावून बसला. आपला मंडळाचा अध्यक्ष. महिनाभर मांगं लागला होता, "आबा, टेन्शन नका घेऊ नं, क्याटररले सांगतो, तो बुंदी आनते, संगं पनीर आनते, भांडे बी तोच घासते." अरे बावा, घासते, कबूल. पन गेल्या सालची त्याची बुंदी तुमी खाल्ली नं? माह्या दाढेत तिचा एक दाना अजून हाये. म्हनून म्या म्हनलं, यंदा आपली कढई काढू. परसात पालथी पडेल होती, तिच्या खाली कोंबडी अंड्यावर बसेल. कोंबडीले समजावलं, कढई राखेनं घासली, इटकरीनं घासली, हात सोलून निंघाले, अन् काल सकाळी निंघालो किन्हीराजाले. झारा आनाले.

हे पोट्टे पाहून राह्यले माह्याकडे. यायले मालूमच नाई, की मेडशीच्या कढईचा झारा किन्हीराजाले कायले. सांगतो.

पयले, तुमाले सांगतो, दोन्ही गावची जयंती येगळी, पन लोक एकमेकाच्या पंगतीले हटकून जायचे. जेवाले नाई, खोट काढाले. "मेडशीची बुंदी कच्ची." "किन्हीराजाची जळकी." एका साली बोलता बोलता वाढलं, अन् झारे उलथने घेऊन डोके फोडले एकमेकाचे. टाके घालाले सगळे मालेगावले गेले, तर दवाखान्यात बी दोन गावचे दोन बाकडे येगळे. मंग माह्या बापानं अन् किन्हीराजाच्या म्हाताऱ्यायनं ठरवलं, जुने भांडे मोडीत घाला. दोन्ही गावं मिळून एक मोठी कढई घ्या अन् एक मोठा झारा घ्या. कढई राहीन मेडशीले, झारा राहीन किन्हीराजाले. आता करा म्हनलं भांडन. झाऱ्याबिगर कढईत बुंदी पडत नाई, अन् कढईबिगर झारा म्हंजे निस्ता पाठ खाजवाच्या कामाचा. दिवस बी वाटून घेतले, जयंती मेडशीची आज तर किन्हीराजाची परवा. भांडन बंद. एकदम बंद.

अन् मले वाटे, बाप्पा, हे आपल्या अडानी म्हाताऱ्यायचं डोकं, असं जगात कोनाले सुचलं नसन. तर माह्या नातीनं, रूपीनं, ती शिकाले युरोपात गेली, तिकडून फोनवर मले काय सांगावं? "आबा, हे इथले देश पयले लय लढले. शहरंच्या शहरं जळाली. मंग लढाई संपल्यावर सहा देश एका जागी बसले. फ्रान्स, जर्मनी, इटली, अन् तीन लहाने. म्हने तोफा कायच्या होते? लोखंडाच्या. लोखंड कायनं वितळते? कोळशानं. मंग कोळसा अन् लोखंड दोन्ही समाईक करू, दोन्हीवर सगळ्यायची नजर राहीन, एकट्याले चोरून तोफच ओतता येनार नाई." मी खाटेवरून उठून उभा राह्यलो. म्या म्हनलं, पोरी, हे तर कढई अन् झारा झालं. ती म्हनते, "हाव आबा, तेच."

तेच, म्हने. तिकडे त्याच्यावर मोठे मोठे ग्रंथ लिहिले. अन् माह्या बापाले कोनी इचारलं नाई.

पुढचं बी तसंच्या तसं. त्यायचं पाहून शेजारचे देश आले, आमालेबी घ्या म्हने. आपल्यातबी आली गावं, कोनी परात घेऊन आलं, कोनी पान्याचा गुंड घेऊन आलं, एका गावानं तर निस्तं एक वरन वाढाचं वगराळं आनलं, तरी घेतलं. तिकडे एक मोठा देश रुसून बाहीर निंघाला, आमचं आमी पाहू म्हने. आपल्यातबी एक गाव रुसलं होतं, त्यायले पंगतीत शेवटी वाढलं म्हनून. नाव घेत नाई, त्यायचे पाव्हने बसले इथी. आता तिकडे सत्तावीस देश हायेत, बऱ्याच जागी पैसा बी एकच चालते, अन् नाक्यावर कोनी अडवत नाई. ज्या गावात त्या नाके उठवाच्या कागदावर सह्या झाल्या, ते गाव म्हने नदीकाठी, आपल्या मेडशीहून लहान. शेंगेन. नदीत होडीवर बसून सह्या केल्या. अन् आज अख्ख्या दुनियेच्या पासपोर्टात त्या गावाचं नाव छापते. मेडशीचं नाव एसटीच्या पाटीवर बी निम्मं पुसलं.

पन मी सांगत होतो झाऱ्याचं. म्हाताऱ्यायनं भांडन मिटवाले केलं, पन फायदा झाला आमचा, पोट्ट्यायचा. कढईवाल्या गावात कोनाचंबी लगीन निंघालं की झारा आनाले कोन जाईन? जवान पोट्टे. झारा खांद्यावर, गाडी मालेगावले बदलाची, अन् एसटीत प्रत्येक मानूस इचारे. "काय गा, झारा घेऊन कुठी चालला? कोनाचं लगीन? बुंदी करता का जिलबी?" कंडक्टर म्हने, "याचं अर्धं तिकीट लागन." उतरेपावतर साऱ्या गाडीले आमंत्रण गेलेलं राहे. मी पयल्यांदा किन्हीराजाले झारा आनाले गेलो तवा ज्या घरी झारा होता त्या घरच्या पोरीनं दार उघडलं. म्हने, "कायले आले?" म्या म्हनलं, झारा. तिनं झारा देला अन् म्हने, "घासून आनजा, मांगच्या खेपेले पाक तसाच होता." तुमाले सांगतो, त्या साली मेडशीत ज्याच्या त्याच्या घरच्या कार्याले झारा मीच आनला. घासून नेला. चमकवून नेला. लोकायले वाटे, देवमन लय कामाचा. ती पोरगी म्हंजे तुमची भागिरथा आजी. आपल्या वस्तीत अशी निम्मी लग्नं झाऱ्यानं जुळवली.

मंग क्याटरर आले. त्यायचे भांडे त्यायच्याच गाडीत. कोनाले कोनाच्या गावाले जाचं कामच उरलं नाई. जयंती अजून होते, डीजे मोठा झाला, पन किन्हीराजाचं पोट्टं मेडशीच्या पोट्ट्याले वळखत नाई, मोबाईलवर वळखत असन तर मले मालूम नाई. मले त्या झाऱ्याची याद येते बाप्पा. झाऱ्याची नाई, इचारनाऱ्या लोकायची येते.

अन् तिकडे आमची रूपी. त्याच सत्तावीस देशायच्या संघाची स्कॉलरशिप भेटली तिले, मातीचं शिक्षण. सहा महिने बेल्जियमात शिकाचं, मंग जर्मनीत. जाच्या आंदी मुंबईत व्हिसाच्या हापिसात तिले लय इचारलं, बाप काय करते, आबा काय करते, वापस येशीन का. पन एकदा आत गेली, तर म्हनते, "आबा, सकाळी एका देशात च्या पेली, दुपारी दुसऱ्यात जेवली, मधात सीमा कवा गेली मले समजलंच नाई. कोनी इचारलं नाई." तिच्या खोलीत एक स्पेनची, एक पोलंडची, एक तिथलीच जर्मन. ज्यायच्या आज्यानं पंज्यानं एकमेकावर बाँब टाकले त्यायच्या नाती. अन् भांडते कायच्यावरून? तर चहाचे कप कोन इसळन. म्या म्हनलं, हे बेस झालं, असेच भांडा.

तर काल मी एसटीत बसलो. तेच मालेगाव, तेच गाडी बदलनं. गाडी भरेल. सगळ्यायच्या कानात ते वायर नसलेले बोंडं. बाजूले एक पोट्टं बसलं, म्या त्याच्याकडे पाह्यलं, त्यानं माह्याकडे पाह्यलं, अन् डोळे मिटून घेतले. किन्हीराजा आलं. म्या मनात सगळं तयार ठेवलं होतं, कुठी चाललो, कायले चाललो, आमच्या इथी यंदा बुंदी हाये, तुमीबी या म्हनून. कोनी इचारलं नाई. तिकडे सीमा पुसल्या म्हनून कोनी इचारत नाई, अन् इकडे... इकडे काय पुसलं म्हनाव?

साळ्याच्या घरी गेलो. त्यानं च्या पाजला, अन् म्हने, "भाऊजी, झारा तर बाईनं कवाचाच नेला. तुमाले सांगतलं नाई?"

बाई म्हंजे त्याची बहीन. म्हंजे माह्यी बायको.

घरी आलो. भागिरथा तूर निवडून राह्यली होती. म्या म्हनलं, झारा कुठी हाये? मान वर नाई केली तिनं. "रूपीपाशी." अन् रूपी कुठी हाये? "तुमाले मालूम नाई का?" म्या म्हनलं, अवं, एवढा मोठा झारा. "बॅगीत तिरपा बसला." अन् इमानतळावर? "तिथी इचारलं म्हने, हे हत्यार हाये का. तिनं सांगतलं, बुंदीचा हाये. मंग त्यायलेबी हसू आलं. तिकडे उतरल्यावर कोनी इचारलं नाई." अन् कायले देला? तवा तिनं सूप खाली ठेवलं. म्हने, "तुमच्याच बापाचा कायदा. ज्याच्यापाशी झारा, त्याले कढईपाशी यावंच लागते. पोरगी एवढ्या दूर चालली, म्या दुसरं काय बांधून देऊ?"

 म्या हात धुतले अन् जेवाले बसलो.

म्या मनात हिशेब मांडला, शिक्षण तर संपलं तिचं, आली म्हंजे झारा येईन, यंदा नाई तर पुढच्या साली बुंदी पक्की. अन् आज सकाळी, गावात दुसरा झारा नाई भेटला, तरी काईतरी जमन म्हनून तेल तापाले ठेवलं अन् फोन वाजला. चेहरा दिसते तसा फोन. "जय भीम आबा." मांगं भिंतीवर झारा टांगेल. घासेल, चमकवेल, आजीवर गेली पोट्टी. म्हनते, "आबा, येनारा जानारा इचारते हे काय हाये. मंग मी मेडशी सांगते, किन्हीराजा सांगते, पंजोबाचं सांगते. ती पोलंडवाली तर म्हने, आपल्या संघाचं चिन्न हेच पायजे होतं." अन् मंग वळून झारा सरळ करत बसली. म्या तिले लहानपनापासून पाह्यलं, ती उगाच हाताले काम लावते तवा काईतरी हाये. म्हनते, "आबा, मले इथीच नोकरी देऊन राह्यले. तीन वर्साची. हो म्हनाले उद्यापावतरच टाईम हाये. बाबा म्हनते, तुले जे वाटन ते कर. आई म्हनते, तुले जे वाटन ते कर." मंग हळूच म्हनते, "आबा, राहू का?"

तुमाले सांगतो, माह्या हातात बेसनानं भरेल गंज, डोळ्याम्होरं धूर. एसटीत कोनी इचारलं नाई, झारा जातानी घरच्या बाईनं इचारलं नाई, सत्तावीस देशात कोनी कोनाले इचारत नाई, अन् या पोट्टीनं इचारलं ते मलेच इचारलं. अन् असं इचारलं की नाई म्हनता येत नाई. नाईच म्हनाचं होतं मले. जिभेवर होतं. ये म्हनाव वापस, कढई घासली तुह्यासाठी. पन मले तो खांद्यावर झारा घेऊन निंघालेला पोट्टा दिसला. त्याले कोनी नाई म्हनलं असतं, तर ही रूपी तरी कुठून आली असती?

म्या म्हनलं, राह्य. झारा पुसून ठेवत जाय, लोखंडाले जंग चढते.

ती रडली. मी नाई रडलो, भट्टीचा धूर होता. भागिरथा मांगं उभी होती, तिलेबी धूर लागला.

तर असं हाये. तीन वर्स. तवर कढई इथी, झारा तिथी, अन् मधात कोनी इचारनारं नाई. कायद्याप्रमानं बरोबरच हाये, तक्रार कोनाकडे करता? सतीश, मघा तू म्हने नं, तेलाच्या डब्याचं झाकन घेऊ, खिळ्यानं भोकं पाडू, अन् म्या तुले आई-बापावरून बोललो...

आन बावा ते झाकन. खिळा जाडा आन.