एक ओळ दिली

(१८४३ सालचा जून. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं एक घर, रविवारची संध्याकाळ. मर्सली आणि तिचा नवरा टॉर्मोड.)

मर्सली : हात लावू नकोस त्या बटाट्यांना! सकाळी चर्चमध्ये जमीनदारासाठी गायलास ना? जा, त्याच्याच पंगतीला बस.

टॉर्मोड : पोरं ऐकतायत, मर्सली.

मर्सली : ऐकू देत! अख्खा गाव आज प्रार्थनेला खाली किनाऱ्यावर होता. भरतीच्या रेषेच्या वर पाऊल टाकलं की जमीन जमीनदाराची, म्हणून ओल्या वाळूत उभे होतो सगळे. प्रवचन संपायच्या आत पाणी घोट्याला लागलं. म्हातारी इशबेल खुर्चीसकट भिजली, पण हलली नाही. आणि माझा नवरा कुठे? वर, कोरडा ठणठणीत!

टॉर्मोड : जमीनदाराचा कारभारी काय म्हणाला होता ते तुलाही ठाऊक आहे. जुन्या चर्चमध्ये स्तोत्राची ओळ द्यायला उभा राहा, नाहीतर घर सोड.

मर्सली : गेल्या महिन्यात एडिनबराला चारशेच्या वर पाद्री चर्चमधून उठून बाहेर पडले. का? आमचा पाद्री आम्ही निवडू, जमीनदारानं लादायचा नाही, म्हणून! आपले पाद्रीबाबाही त्यांतलेच, आता बायकोपोरांना घेऊन गोठ्यात राहतायत. आणि तुला घर सुटेना!

टॉर्मोड : चार पोरं आहेत आपल्याला. धाकटी अजून रांगतेय.

मर्सली : पोरांना पुढे करू नकोस! बारा वर्षं स्तोत्राची ओळ तू आधी म्हणायचास, मग आम्ही उचलायचो. आज तिथे ओळ द्यायला कोणी नव्हतं. शेवटी माझे बाबा उभे राहिले. सत्तरीचा माणूस! दुसऱ्याच ओळीला आवाज फुटेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लाजेनं मेले मी.

टॉर्मोड : मग कोणी म्हटलं?

मर्सली : कोणीच नाही. तसेच उभे राहिलो. तुझं सांग ना, तुझं कसं रंगलं?

टॉर्मोड : जाऊ दे.

मर्सली : नाही, सांगच!

टॉर्मोड : पहिली ओळ दिली. आणि थांबलो.

मर्सली : कशाला?

टॉर्मोड : सवयीनं. लोक उचलतील म्हणून. समोर कारभारी, त्याची बायको आणि वाड्यावरचे दोन नोकर. सगळे दक्षिणेकडचे, एकालाही आपली गेलिक भाषा येत नाही. नवा पाद्री मानेनं खुणावतोय, चल पुढे, चल पुढे. कोणाला देऊ ओळ? बाकांना? असा संताप आला, मर्सली! त्यांचा, माझा, तुझासुद्धा. पुस्तक मिटलं आणि निघालो.

मर्सली : निघालास?

टॉर्मोड : कारभारी दारापर्यंत मागे आला. म्हणाला, गुरुवारपर्यंत घर मोकळं कर.

मर्सली : आणि हे आत्ता सांगतोयस? तडक किनाऱ्यावर का नाही आलास, मूर्खा?

टॉर्मोड : कुठल्या तोंडानं येणार? एक ओळ तर दिलीच होती मी त्यांना. दिवसभर डोंगरात बसून होतो. शिव्या दे हव्या तर.

मर्सली : दगड जमीनदाराचे, माती त्याची. पण छपराच्या तुळया माझ्या बाबांनी आणल्यात, तीस मैलांवरून, खांद्यावर. बुधवारी उतरवायच्या. एकसुद्धा ठेवायची नाही त्या मेल्याला!

टॉर्मोड : आणि गुरुवारी?

मर्सली : गुरुवारी पाऊस नसला म्हणजे झालं.