प्रेबेनच्या दुकानातला निळा सोमवार

एस्किल: म्हणजे सामानाचे पैसे द्यायचे आणि वर जुळणीही आपणच करायची?

थोरा: आपण नाही, बाबा. मी.

एस्किल: प्रेबेन, तुम्हीच समजावा हिला. संगणक जुळवून विकणं हा तुमचा धंदा.

प्रेबेन: धंदा तोच आहे. गिऱ्हाईक सांगतं, मी देतो. आजच्या गिऱ्हाइकाला जुळणीच हवी आहे.

एस्किल: गिऱ्हाईक आठवीत आहे.

थोरा: काल चर्चमध्ये कन्फर्मेशनच्या विधीला सगळ्या गावासमोर उभं केलंत मला. जो येईल तो हात हातात घेऊन म्हणत होता, थोरा, आता तू मोठी झालीस. आज सोमवार उजाडला की मी परत लहान?

एस्किल: कन्फर्मेशननंतरचा हा निळा सोमवार मजेसाठी असतो. तुझा अख्खा वर्ग बघ, सुट्टी घेऊन, कालच्या भेटीचे पैसे खिशात घालून होल्स्टेब्रो शहरभर हुंदडतोय.

थोरा: माझी मजा या खोक्यांत आहे.

एस्किल: मग मोठ्या दुकानातून तयार घेऊ. आत रंगीत दिवे असतात. घरी नेला, बटण दाबलं, झालं.

थोरा: दिवे नकोत मला. माझी चित्रं हलायला हवीत. जुन्या लॅपटॉपवर माझा बगळा एक पंख उचलेपर्यंत माझं जेवण उरकतं.

एस्किल: बरं, मग प्रेबेन जुळवून देतील. ते चांगलं काम करतात.

प्रेबेन: आभारी आहे. पण ती नको का म्हणतेय, ते विचारलंस का तिला?

थोरा: मी सांगते. बाबा, माझा पलंग कोणी केला?

एस्किल: मी.

थोरा: टेबल?

एस्किल: मीच. सुताराच्या घरात टेबल विकत आणायचं का?

थोरा: शाळेसाठीचं ते पक्ष्यांचं घर?

एस्किल: तू खिळा तिरका ठोकत होतीस.

थोरा: ते वर्गात लावलं, खाली माझं नाव लिहून. वर्षभर मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले. माझ्या खोलीत माझ्या हातचं एकही काही नाही. हे माझ्या हातचं होणार आहे.

एस्किल: आणि काही मोडलं तर? हमी कोण देणार?

प्रेबेन: माझ्या टेबलावर, माझ्यासमोर जुळवलं तर हमी माझी.

एस्किल: ठीक आहे. पण दुकान बंद होईपर्यंत चालू झाला नाही, तर घरी नेऊन मी पुरा करणार.

थोरा: नाही. मग तो इथेच राहील, मी उद्या शाळेनंतर येईन. तुझ्या हाती लागायचा नाही.

प्रेबेन: एस्किल, कॉफी तिथे आहे. खुर्ची टेबलापासून जरा लांब घे. आणखी लांब. थोरा, सुरुवातीला काय करायचं?

थोरा: लोखंडाला हात लावायचा. अंगातली वीज जायला.

प्रेबेन: लाव. आता हा प्रोसेसर. कोपऱ्यात सोनेरी खूण दिसते? तशीच बोर्डावर आहे. खुणेला खूण जुळव आणि नुसता ठेव. जोर लावायचा नाही.

एस्किल: हळू.

थोरा: ठेवतेय.

एस्किल: हळू, थोरा. खालच्या पिना केसासारख्या आहेत.

थोरा: बाबा, तू कॉफी पी.

प्रेबेन: बसला. आता दांडी खाली घे. कुरकुर आवाज येईल, घाबरू नकोस. छान. आता पंखा, मग रॅमच्या या दोन पट्ट्या.

एस्किल: हळू.

(बराच वेळ जातो. स्क्रू फिरल्याचे आणि कप ठेवल्याचे आवाज.)

थोरा: झालं सगळं. बटण दाबू?

प्रेबेन: संगणक तुझा आहे.

थोरा: पंखे फिरताहेत. पण पडदा काळाच आहे.

एस्किल: अरेरे. सरक, मी बघतो.

थोरा: सरकणार नाही.

एस्किल: नुसतं बघतो म्हटलं.

थोरा: तू नुसतं कधी बघत नाहीस. प्रेबेनकाका, तुम्हीही सांगू नका.

प्रेबेन: सांगत नाही, विचारतो. वीज पोचतेय का?

थोरा: पंखे फिरताहेत, म्हणजे पोचतेय.

प्रेबेन: मग बोर्ड काही बोलतोय का?

थोरा: इथे एक लाल दिवा लागलाय. रॅमच्या बाजूला. पण रॅम तर मी बसवली.

एस्किल: थोरा...

थोरा: बाबा, तुला दिसलंय ना काय चुकलं ते?

एस्किल: दिसलंय.

थोरा: प्रोसेसरसुद्धा कधी पाहिला नव्हतास तू, आणि तुला दिसलं?

एस्किल: मला यातलं काही कळत नाही. पण एखादी गोष्ट रेषेत नसली की दिसते.

थोरा: पुढे बोलू नकोस.

एस्किल: नाही बोलत.

प्रेबेन: आधी बंद कर. मागची वायर काढ. हं, आता बघ.

थोरा: ही पट्टी वर राहिलीय. इकडच्या टोकाला. कडी लागलीच नाही.

प्रेबेन: का लागली नसेल?

थोरा: मी दाबलीच नाही नीट. प्रोसेसरसारखी नुसती ठेवली. आणि कानात सारखं हळू, हळू.

एस्किल: मी काळजीपोटी म्हणत होतो.

थोरा: माहीत आहे. पण मी हात आखडला ना. प्रेबेनकाका, हिला जोर लागतो?

प्रेबेन: चांगलाच. दोन्ही अंगठ्यांनी.

एस्किल: बोर्ड वाकतोय.

थोरा: वाकू दे.

प्रेबेन: लागली कडी. वायर लाव.

थोरा: दाबते. बाबा, डोळे का मिटलेस?

एस्किल: मी कुठे मिटले?

थोरा: बघ. अक्षरं आली.

प्रेबेन: प्रोसेसर ओळखला. रॅमही पूर्ण दाखवतोय. या टेबलावर माझा पहिला संगणक दोन दिवस काळाच होता, थोरा. हा तुझा लवकर बोलला.

थोरा: बाबा, काहीतरी म्हण की.

एस्किल: सरळ आहे काम. वायरी आतून छान बांधल्यास.

थोरा: एक जरा तिरकी आहे.

एस्किल: असू दे ती. पण हा तुझ्या टेबलाखाली मावायचा नाही. मधली फळी आड येईल. घरी गेल्यावर मी लगेच कापून...

थोरा: करवत कुठे असते?

एस्किल: गॅरेजमध्ये. दारामागच्या खिळ्याला.

थोरा: किती वर?

एस्किल: पोचेल तुझा हात.