भरतीचा वेगळा पत्ता

दातांच्या दवाखान्यात आजींच्या शेजारी सुजलेल्या गालाचे मामा आणि त्यांची भाची बसली होती. दोघंही पंपाच्या कारखान्यातली. आजी फाटकावर भरतीची पाटी लागायची त्या काळातल्या. त्यांनी कान टवकारले.

“मामा, भरतीसाठी वेगळी वेबसाइट काढली, ते बरोबरच केलं मी.”

“संध्याकाळपर्यंत एक तरी अर्ज येऊ दे. नाहीतर साहेब बंद करणार ती.”

“जुन्या साइटवर सगळे अर्ज तक्रारींत जायचे, ते चालत होतं?”

“त्या वेल्डरने नोकरी मागितली, आणि आपण त्याच्या घरी पंप दुरुस्तीला माणूस धाडला!”

“वर साहेब म्हणतात, वेल्डर मिळतच नाहीत!”

“हसवू नकोस गं, दाढ ठणकते.”

“मामा! आला! अर्ज आला!”

“कुणाचा?”

“वेल्डरचा! थांबा, अजून एक! ही तर बाई आहे, जहाजांवर वेल्डिंग केलंय हिने!”

“लाव साहेबांना फोन!”

“तुम्हीच बोला ना.”

“या गालाने? तू बोल. चांगली ठणकावून बोल!”

“आजी, तुमचा नंबर आला,” नर्सने हाक मारली.

“पुढच्याला घे गं. साहेब काय म्हणतात ते ऐकू दे आधी.”